दीर्घलहरींची मुदत

२०१४ सालचा सप्टेंबर महिना सरता सरता आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेने, म्हणजे आरटीईने, असे जाहीर केले की, ‘रेडिओ वन’ या आपल्या प्रमुख वाहिनीचे २५२ किलोहर्ट्झवरील दीर्घलहरी प्रक्षेपण २७ ऑक्टोबरपासून कायमचे बंद होईल, आणि श्रोत्यांनी यापुढे अन्य मार्गांचा, विशेषतः नव्या डिजिटल मार्गांचा, अवलंब करावा. काटकसर हे त्या निर्णयाचे कारण होते, आणि देशातील बहुसंख्य श्रोते एफएमवरच ऐकतात हा त्याला पुरावा होता. कागदावर पाहता त्यात खोट काढण्याजोगे फारसे काही नव्हते. परंतु या निर्णयाविरुद्ध जो ओरडा उठला तो मुख्यत्वेकरून आयर्लंडातून उठला नाही. तो उठला समुद्रापलीकडून, लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर अशा इंग्लंडातील शहरांतून. आणि ज्यांनी तो उठविला त्यांतील पुष्कळजण सत्तरी-ऐंशी ओलांडलेले होते. निर्णय घेताना ज्यांची गणती झाली ते श्रोते वेगळे, आणि ज्यांचे नुकसान होणार होते ते श्रोते वेगळे, असा हा प्रकार होता.

या लहरीचे सामर्थ्य कशात आहे हे ध्यानात घेतल्यावाचून हा कलह समजणार नाही. २५२ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दोन लक्ष बावन्न हजार आवर्तने. प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या या लहरीच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर सुमारे ११९० मीटर भरते. एफएमची लहर याउलट जेमतेम तीन मीटरांची. तिला टेकडी आडवी आली की पलीकडे सावली पडते, आणि क्षितिजापलीकडे तर ती सहसा पोचतच नाही. म्हणून एफएमचे जाळे विणावयाचे तर डोंगरमाथ्यांवर मनोऱ्यामागून मनोरे उभे करावे लागतात. किलोमीटरभराहून लांब असलेल्या लहरीला मात्र टेकडी ही टेकडीच वाटत नाही. ती भूपृष्ठाला बिलगून, पृथ्वीच्या गोलाईबरोबर स्वतःही वाकत, शेकडो किलोमीटर जाते. आणि वाटेत समुद्र असेल तर, खाऱ्या पाण्याची विद्युद्वाहकता जमिनीपेक्षा पुष्कळच अधिक असल्यामुळे, तिच्या शक्तीचा व्यय आणखीच कमी होतो. मीथ परगण्यातील क्लार्क्सटाउन येथे उभारलेल्या २४८ मीटर उंचीच्या एकाच मनोऱ्यावरून निघालेला आवाज सबंध आयर्लंड, आयरिश समुद्र आणि ब्रिटनचा फार मोठा भाग व्यापीत असे, यातील इंगित एवढेच.

अर्थात एवढ्या लांब लहरीला जन्म देण्यासाठी आकाशतारही तशीच अवाढव्य लागते. पोलंडने १९७४ मध्ये कोन्स्तांतिनुफ येथे केवळ दीर्घलहरींसाठी ६४६ मीटर उंचीचा मनोरा उभारला, आणि ताणदोर बदलण्याचे काम चालू असता ८ ऑगस्ट १९९१ रोजी तो कोसळेपर्यंत जगातील सर्वांत उंच मानवनिर्मित वस्तू म्हणून त्याचा लौकिक होता. दुबईच्या बुर्ज खलिफाने पुढे तो उच्चांक मोडला. जागेचीही टंचाई होती. १४८.५ ते २८३.५ किलोहर्ट्झ या अरुंद पट्ट्यात, दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचे अंतर राखले तर, अवघी पंधरा आसने मांडता येतात. युरोपातील राष्ट्रांनी ती आपसांत वाटून घेतली, आणि ज्याला आसन मिळाले ते राष्ट्र त्याला प्रतिष्ठेची खूण मानू लागले.

आयर्लंडची कथा मात्र प्रतिष्ठेहून वेगळ्या कारणाने घडली. स्वतंत्र झालेल्या त्या देशाचे पहिले नभोवाणी केंद्र १ जानेवारी १९२६ रोजी डब्लिन येथे सुरू झाले आणि त्याचे उद्घाटनपर भाषण डग्लस हाइड यांनी केले, जे पुढे त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९३२ मध्ये अॅथलोन येथे मोठा प्रक्षेपक बसला, आणि युरोपभरच्या रेडिओ संचांच्या काचेवर पॅरिस, रोम, प्राग यांच्या पंक्तीला या लहानशा आयरिश गावाचे नाव छापून येऊ लागले. त्यानंतरच्या काळात, विशेषतः १९५० च्या दशकात, देशात काम नाही म्हणून चार लाखांहून अधिक माणसांनी आयर्लंड सोडले. त्यांतील बहुतेकांनी ब्रिटनची वाट धरली. पुरुष रस्ते, बोगदे आणि इमारतींच्या बांधकामावर गेले, स्त्रिया रुग्णालयांत परिचारिका झाल्या. घरी परतू अशा बोलीने गेलेली ही माणसे तेथेच म्हातारी झाली, आणि गावाशी त्यांचा जो दैनंदिन संबंध उरला तो पुष्कळ अंशी नभोवाणीचा होता: दुपारी बारा आणि सायंकाळी सहा वाजता होणारा अँजेलस या प्रार्थनेचा घंटानाद, रविवारची चर्चमधील ‘मास’ ही उपासना, मृत्यू-निवडणुका-पाऊसपाण्याच्या वार्ता, आणि ज्यांचे धावते वर्णन मिहॉल ओ’हेहिर यांनी १९३८ पासून कित्येक दशके केले ते गेलिक फुटबॉलचे आणि हर्लिंगचे सामने.

गंमत अशी की, ज्या मनोऱ्यावर ही वृद्ध मंडळी पुढे विसंबून राहिली तो त्यांच्यासाठी बांधलेलाच नव्हता. आरटीई आणि लक्झेंबर्गची व्यापारी नभोवाणी कंपनी यांनी भागीदारीत १ सप्टेंबर १९८९ रोजी ‘अटलांटिक २५२’ नावाची वाहिनी तेथून सुरू केली, आणि तिचा उद्देश ब्रिटनमधील तरुणांना लोकप्रिय गाणी ऐकवून जाहिरातींचे उत्पन्न मिळविणे एवढाच होता. काही वर्षे तो साधलाही. परंतु ब्रिटनमध्ये एफएमवर खासगी केंद्रे वाढली, संगीताला एफएमचा निर्मळ ध्वनी अधिक मानवतो हे तरुणांच्या कानांनी ठरविले, आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्या वाहिनीचा कारभार आटोपला. मग २००४ पासून तो रिकामा प्रक्षेपक ‘रेडिओ वन’कडे आला. २००८ च्या मार्चमध्ये आरटीईने टलमोर येथील आपले मध्यमलहरी प्रक्षेपण बंद केले तेव्हा, ज्यांना एफएम पोचत नाही त्यांना हाच दीर्घलहरींचा रस्ता दाखविण्यात आला. म्हणजे २०१४ मध्ये जी सेवा रद्द होऊ घातली होती तीच सहा वर्षांपूर्वी पर्याय म्हणून लोकांच्या हाती ठेवलेली होती. ही तपशिलाची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

ओरड झाल्यावर सरकारी कारभारात जे होते तेच झाले. ऑक्टोबरची तारीख तहकूब होऊन जानेवारी आली. जानेवारी येण्यापूर्वी असे ठरले की तास कमी करून सेवा २०१७ पर्यंत चालवावी. आणि २०१७ आले तरी मनोरा उभाच होता. ब्रिटनमधील आयरिश संस्थांनी अर्ज केले, आयर्लंडच्या संसदीय समितीपुढे जाबजबाब झाले, आणि परदेशस्थ नागरिकांविषयीची आस्था भाषणांतून पुष्कळ प्रकट झाली. परंतु मूळ प्रश्नाला, म्हणजे पर्याय नेमका कोणाच्या घरात आणि कोणाच्या खर्चाने पोचणार या प्रश्नाला, मुदतवाढीने उत्तर मिळत नसते.

तो प्रश्न नीट पाहिला म्हणजे जुन्या आणि नव्या पद्धतींतला खरा भेद दिसू लागतो. तो ध्वनीच्या गुणवत्तेचा नाही. भेद आहे तो भार कोणी वाहावा याचा. दीर्घलहरी पद्धतीत सारा बोजा प्रक्षेपण करणाऱ्यावर असतो. प्रचंड मनोरा त्याचा, विजेचे बिल त्याचे, यंत्रांची देखभाल त्याची. पाचशे किलोवॉटचा प्रक्षेपक अहोरात्र चालविला तर नुसत्या हवेत सोडलेल्या शक्तीचाच हिशेब दिवसाला बारा हजार युनिट होतो, आणि प्रत्यक्ष वापर त्याहून अधिक. श्रोत्याकडे लागतो तो मात्र एक साधा संच, ज्याला दोन बटणे असली तरी पुरे. शिवाय ऐकणारे शंभर असोत की दहा लाख, प्रक्षेपकाचे बिल तेवढेच. इंटरनेटवरून ऐकण्यात हे गणित उलटते. गावात दवंडी पिटणाऱ्याला कोण ऐकतो याची यादी ठेवावी लागत नाही. पण तोच मजकूर घरोघर टपालाने धाडायचा म्हटले की प्रत्येक पाकिटाला वेगळा पत्ता आणि वेगळे तिकीट लागते. इंटरनेट हे टपाल आहे: प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह, आणि त्या प्रवाहासाठी श्रोत्याने दरमहा भरावयाची वेगळी वर्गणी. प्रक्षेपण संस्थेच्या जमाखर्चात जी बचत दिसते तिचा बराच भाग खर्च नाहीसा झाल्यामुळे होत नाही, तो दुसऱ्याच्या खात्यावर टाकल्यामुळे होतो.

उपग्रहाचा पर्याय घ्या. तो निर्दोष ऐकू येतो, यात शंका नाही. परंतु त्यासाठी छपरावर तबकडी, तबकडीखाली पेटी आणि पेटीपुढे दूरदर्शनसंच लागतो, आणि मग आवाज त्या एकाच खोलीत कोंडला जातो. स्वयंपाकघरातल्या फळीवर किंवा उशाशी राहणाऱ्या रेडिओची जागा तो घेऊ शकत नाही. एफएमचा पर्याय आयर्लंडात चांगला, परंतु समुद्र ओलांडून इंग्लंडच्या अंतर्भागात तो कसा जावा? उरला डीएबी, म्हणजे डिजिटल नभोवाणी. बीबीसीने १९९५ च्या सप्टेंबरात तिचे नियमित प्रक्षेपण सुरू केले, आणि एका प्रक्षेपकावरून अनेक वाहिन्या एकत्र बांधून पाठविण्याची तिची युक्ती खरोखर बुद्धिमत्तेची आहे, कारण त्यामुळे खर्च अनेकांत वाटला जातो. तिची लहर मात्र दीड मीटरांच्या आसपासची. म्हणजे ती एफएमहूनही आखूड, आणि तिची हद्दही तशीच आखूड. शिवाय डिजिटल संकेताचा एक स्वभाव आहे: तो जोवर पुरेसा आहे तोवर उत्कृष्ट असतो आणि पुरेसा नसला की मुळीच नसतो. जुनी लहर दूर गेली म्हणजे खरखरत, चढत-उतरत का होईना, ऐकू येत असे, आणि सवयीचा कान त्या खरखरीतूनही शब्द वेचून घेई. डिजिटल संच अशा वेळी गप्प बसतो.

दीर्घलहरींची बाजू मी मांडीत असलो तरी त्यांचा कैवार घेऊन सत्याचा अपलाप करण्याची माझी इच्छा नाही. घराघरांत जे विजेचे नवे दिवे, मोबाईलचे चार्जर आणि संगणक आले त्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते, आणि त्यातून उठणारा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो. त्यामुळे ज्या घरात १९६० साली स्वच्छ ऐकू येत होते त्याच घरात आज तीच लहर गुरगुरते. प्रक्षेपकांचे सुटे भाग दुर्मीळ झाले आहेत. विजेचे भाव चढले आहेत. जर्मनीने २०१४ च्या अखेरीस डॉइचलांडफुंकचे दीर्घलहरी प्रक्षेपण थांबविले, फ्रान्सने २०१६ च्या अखेरीस ‘फ्रान्स इंतेर’चे, आणि लक्झेंबर्गच्या केंद्राने २०२३ च्या पहिल्या दिवशी आपले, हे सगळे अविचारी नव्हते. बंद करणे हाच प्रमाद आहे असे माझे म्हणणे नाही. कोणत्या क्रमाने बंद करावे, एवढ्यापुरताच माझा आक्षेप आहे.

क्रमाचा विचार केल्यास काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते, आणि ते काहीसे विनोदी आहे. वुस्टरशायरमधील ड्रॉइटविच येथे १९३४ साली बीबीसीचे दीर्घलहरी केंद्र सुरू झाले. त्याच्या पाचशे किलोवॉटच्या प्रक्षेपकावर २३ नोव्हेंबर १९७८ पासून ‘रेडिओ फोर’ ही वाहिनी ऐकू येऊ लागली. एकतीस सागरी विभागांचे हवामान सांगणारी ‘शिपिंग फोरकास्ट’ मच्छीमारांनी याच लहरीवर ऐकली. देश शाबूत आहे की नाही हे ताडण्यासाठी अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचे कप्तानही ‘रेडिओ फोर’ चालू आहे ना याची खात्री करून घेतात, असे इतिहासकार पीटर हेनेसी यांनी नोंदले आहे. आणि क्रिकेटच्या कसोटी सामन्यांचे धावते वर्णन २०२३ च्या अॅशेस मालिकेपर्यंत येथून होत असे. प्रक्षेपकाला लागणाऱ्या विशिष्ट निर्वात नळ्या जगात दहासुद्धा उरलेल्या नाहीत, असे वृत्त २०११ मध्येच झळकले होते. २०२२ मध्ये बीबीसीने दीर्घलहरी बंद करण्याचा इरादा जाहीर केला. तरीही ती तत्काळ बंद होईना, आणि तिला तारणारे मच्छीमार नव्हते, पाणबुड्या नव्हत्या, क्रिकेटचे रसिकही नव्हते. तिला तारले विजेच्या मीटरांनी.

झाले होते असे: १९८० च्या दशकात वीज कंपन्यांनी याच लहरीच्या आत, कानाला मुळीच जाणवणार नाही अशा सूक्ष्म कलाबदलाने, सांकेतिक हुकूम पाठविण्याची सोय करून घेतली होती. रात्री विजेचा दर स्वस्त होतो तेव्हा लाखो घरांतील मीटर त्या हुकुमाने दर बदलीत आणि उष्णता साठविणाऱ्या शेगड्या व पाण्याचे बंब आपोआप चालू होत. लहर बंद केली तर ऐन हिवाळ्यात कोणाचे घर थंड राहील आणि कोणाची शेगडी दिवसभर महाग वीज जाळील याचा नेम नव्हता. म्हणून या हुकूमसेवेची २०२४ च्या मार्चअखेरची मुदत वाढवून ३० जून २०२५ करण्यात आली, त्यानंतरही एकदम नव्हे तर विभागवार बंद करण्याचे ठरले, आणि नवा मीटर घरी येऊन बसविण्याचे कर्तव्य ग्राहकावर न टाकता कंपन्यांवर टाकण्यात आले. शेगडी थंड पडली तर जबाबदारी कोणाची हे ठरविता येते; वृद्धाच्या खोलीतला आवाज थांबला तर कोणाची, हे ठरविण्याचा शिरस्ता नाही. एरवी मीटरांना जी वागणूक मिळाली ती श्रोत्यांना का मिळू नये, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

फ्रान्सची गोष्ट याच जातीची आहे. आलुई येथील १६२ किलोहर्ट्झच्या प्रक्षेपकावरून बोलणारी वाहिनी गेली, परंतु त्याच लहरीत दडलेला अधिकृत वेळेचा संकेत मात्र चालू ठेवण्यात आला, कारण रेल्वे स्थानके आणि अन्य सार्वजनिक ठिकाणची घड्याळे त्यावर चालतात. लहर तीच, मनोरे तेच. फक्त तिच्यावर आता कोणी बोलत नाही.

आपल्या देशात दीर्घलहरींवर नभोवाणी कधी नव्हती. आंतरराष्ट्रीय वाटपात हा पट्टा नभोवाणीसाठी युरोप, आफ्रिका आणि उत्तर आशियाकडे गेला. शिवाय उष्ण कटिबंधातील विजांचा कडकडाट जितकी वारंवारता कमी तितका अधिक त्रास देतो, त्यामुळे त्याचा आपल्याला फारसा लाभही झाला नसता. आपले दूरवर जाणारे माध्यम मध्यमलहरी. तीस-पस्तीस मध्यमलहरी केंद्रांवर, त्यांत मुंबई आणि पुणेही आले, आकाशवाणीने डीआरएम नावाच्या डिजिटल पद्धतीचे प्रक्षेपक बसविले आहेत. ही पद्धत मला डीएबीपेक्षा अधिक शहाणपणाची वाटते, कारण ती जुन्याच लांब पल्ल्याच्या लहरींवर स्वार होते आणि मनोरे मोडीत काढीत नाही. पण ती ऐकू शकणारे संच आजमितीस मुख्यतः नव्या मोटारींत आहेत. शेताच्या बांधावर ठेवण्याजोगा स्वस्त संच बाजारात सहजी मिळत नाही, आणि तो मिळेपर्यंत जुने मध्यमलहरी प्रक्षेपण थांबविण्याची घाई कोणी करू नये. नागपूरहून १९८८ मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी, जी रात्रभर अर्ध्याअधिक देशात ऐकू येई, २०१९ च्या आरंभी बंद झाली तेव्हा तिच्या श्रोत्यांची अशी कोणतीही मोजदाद झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता आयर्लंडकडे वळून हे प्रकरण पुरे करू. अनेक मुदतवाढींनंतर १४ एप्रिल २०२३ रोजी २५२ किलोहर्ट्झवरील प्रक्षेपण बंद झाले, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये क्लार्क्सटाउनचा मनोरा सुरुंग लावून पाडण्यात आला. तेव्हा सेवा पुन्हा सुरू होण्याचा प्रश्नच उरला नाही. २००८ मध्ये मध्यमलहरींना पर्याय म्हणून दीर्घलहरी दाखविल्या होत्या, आणि २०१४ मध्ये दीर्घलहरींना पर्याय म्हणून डिजिटल मार्ग दाखविले, हे मागे आलेच आहे. त्या डिजिटल मार्गांपैकी आयर्लंडातील डीएबीचे जाळे डब्लिन, कॉर्क, लिमरिक अशा शहरांच्या आसपासच पसरले होते, आणि ऐकणारे थोडे, खर्च अधिक, या कारणास्तव आरटीईने ते ३१ मार्च २०२१ रोजी बंद केले. म्हणजे जुनी लहर जाण्यापूर्वी दोन वर्षे तिचा एक पर्याय निघून गेला होता.